मागाने नेलेला कान आणि हातातील फोन

(भिवंडीतील निजामपुरा येथे ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग बंधू-भगिनी, त्यांचे कुटुंबीय आणि सेवाकार्यातील कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



प्रारंभीच एक विनंती करतो. ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांनी संकोच न बाळगता पुढच्या रांगेत येऊन बसावे. माझ्या डावीकडच्या फळ्यावर आपला एक कार्यकर्ता माझे मुद्दे मोठ्या अक्षरांत लिहीत जाणार आहे. त्याचा हात थांबेपर्यंत मीही थांबेन. भाषण थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण ज्या विषयावर बोलायचे, त्याचे पथ्य निदान आपल्या सभेत तरी पाळले गेले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. येथून जवळच राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांबरोबर मी एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. त्यांचे नाव सांगत नाही, कारण ते या सभेत बसलेले असण्याचा संभव आहे. मिसरूड फुटल्यापासून सत्तरी गाठेपर्यंत त्यांनी यंत्रमाग चालविला. बँकेतील काम अगदी किरकोळ होते. खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक बदलून घ्यायचा होता. त्यासाठी ओटीपी हवा. संदेशातील बारीक अक्षरे त्यांना वाचता येईनात, म्हणून फोनवर ऐकण्याचा पर्याय निवडला. यंत्रातील आवाजाने सहा आकडे सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. एक आकडा चुकला. पुन्हा फोन आला, पुन्हा चूक झाली. तिसऱ्या खेपेस मुदत उलटली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तो मार्गच बंद झाला. खिडकीमागचा तरुण मुळीच उद्धट नव्हता. तो आदराने म्हणाला, "बाबा, घरातल्या एखाद्या तरुण माणसाला घेऊन या ना." गृहस्थ काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर पायरीवर टेकले आणि एवढेच म्हणाले, "एका वेळी आठ माग सांभाळायचो मी."

तो कागद मी जपून ठेवला आहे. यंत्राने जेथे 'सात' म्हटले होते, तेथे त्यांनी 'आठ' लिहिले होते. दोन्ही वेळा. ही चूक विसराळूपणाची नव्हती, अज्ञानाची तर नव्हतीच. तिचे कारण या गावाच्या व्यवसायात आहे, आणि म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे मला भाग आहे.

आपल्या कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नलिका असते. तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या अत्यंत नाजूक पेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूला संदेश देतात. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. दिवसाच्या आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यांच्या नियमांत जी मर्यादा सांगितली आहे, ती हीच ९० डेसिबलची. आणि आपल्याकडे पाळी आठ तासांची असते की बारा तासांची, हे मी भिवंडीकरांना सांगायला नको. अशा आवाजात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या माणसाच्या कानातील उंच पट्टीचे स्वर टिपणाऱ्या पेशी सर्वप्रथम जातात, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. खालच्या पट्टीचे स्वर मात्र शाबूत राहतात. परिणाम असा होतो की माणसाला 'ऐकू येते, पण कळत नाही'. घरातील सुना-मुले म्हणतात, "बाबांना हवे तेवढेच ऐकू येते!" बाबांना खरोखरच अर्धवट ऐकू येत असते. 'आ', 'ओ' हे स्वर पोहोचतात. 'स', 'श', 'फ', 'ख' ही व्यंजने वाऱ्यावर विरून जातात. आता 'सात' या शब्दातून 'स' काढून पाहा. उरते 'आत'. मग 'आत' म्हणजे 'आठ'च असणार, असे बिचारा मेंदू ठरवितो.

यात भर कशाची, तर टेलिफोनची. माझी उभी हयात दूरसंचार खात्यात गेली. आमच्या काळी टेलिफोनची वाहिनी ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यावर बेतलेली असे. बोलणे समजायला तेवढे पुरते, या हिशेबाने तो पट्टा ठरला होता. निरोगी कानाला ते पुरतेही. 'स'चा बहुतेक आवाज मात्र त्या पट्ट्याच्या वर असतो. म्हणजे जे व्यंजन मागाने कानातून नेले, ते तारेनेही अर्धेच आणलेले असते. हे गणित मी चाळीस वर्षे जाणत होतो. त्याचा अर्थ मला त्या बँकेच्या पायरीवर कळला.

निजामपुऱ्यात काय, पद्मानगरात काय, माग चालविणारा कोण हे मागाने कधी पाहिले नाही. उत्तर प्रदेशातून येथे आलेले मोमीन विणकर असोत, तेलंगणातून आलेले पद्मशाली बांधव असोत किंवा आसपासच्या गावांतील आगरी-कुणबी कामगार असोत, सर्वांच्या कानावर तोच आघात झाला. आपल्याकडे येणारे चाचाही हात कानामागे धरतात आणि आप्पाही. त्यामुळे हे काम वस्ती पाहून करण्याचे नव्हे, हे कार्यकर्त्यांनी प्रथमच लक्षात घ्यावे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ५० लाख दृष्टीच्या आणि तेवढेच श्रवणाच्या वैगुण्याचे. महाराष्ट्रातील संख्या २९ लाखांच्या वर होती. त्याच जनगणनेत साठी उलटलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाख होती. पहिल्या आकड्यात मी सांगितलेले गृहस्थ बहुधा नाहीत. कारण घरी प्रगणक आला तेव्हा त्यांना कोणी 'बहिरे' म्हटले नसेल, आणि त्यांनी स्वतः तर मुळीच म्हणवून घेतले नसेल. डोळे, कान, बोटे यांची शक्ती हळूहळू कमी झालेला माणूस स्वतःला दिव्यांग समजत नाही. तो स्वतःला म्हातारा समजतो आणि गप्प बसतो. हा गप्प बसलेला माणूस आपल्या विषयाचा केंद्रबिंदू आहे.

येथे टेलिफोनच्या इतिहासातील एक विलक्षण विसंगती सांगण्याचा मोह आवरत नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले. हा बेल व्यवसायाने कर्णबधिरांचा शिक्षक होता. त्याच्या आईला जवळजवळ ऐकू येत नसे आणि पत्नी मेबल तर लहानपणीच बधिर झालेली होती. म्हणजे ज्याच्या घरात दोन कर्णबधिर स्त्रिया होत्या, त्याच्याच हातून कर्णबधिरांना सर्वस्वी बाहेर ठेवणारे यंत्र घडले. त्या यंत्राचे दार त्यांच्यासाठी उघडायला १९६४ साल उजाडले. रॉबर्ट वाइटब्रेख्ट नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलेखित अक्षरे पाठविण्याची युक्ती काढली, आणि तो स्वतः कर्णबधिर होता. अठ्ठ्याऐंशी वर्षे! ज्याला टोचते त्यालाच सुचते, हे खरे. पण त्याला सुचेपर्यंत इतरांनी वाट पाहत बसावे, हे काही बरे नव्हे.

आपल्या देशातही या गोष्टीचा एक हृद्य अध्याय होऊन गेला. आज पंचविशीत असलेल्यांना तो ठाऊक नसेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ उभे राहिले. त्यांच्या वाटपात दिव्यांगांना प्राधान्य होते. तीनचाकी सायकलीवरून येणारा, कुबड्या टेकवून आत शिरणारा, काळा चष्मा लावून बोटांनी नाणी मोजणारा माणूस साऱ्या मोहल्ल्याचा संपर्क सांभाळत असे. कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणाच्या मुलीचे सासर नांदेडला आहे, रात्री दर उतरल्यावर कोण रांग लावते, सारे त्याला पाठ. तो साऱ्या वस्तीचा आधार होता. त्याच्यावर दया करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. पुढे मोबाईल घरोघरी आला आणि ती खोकी एकामागून एक बंद झाली. मोबाईल यायला नको होता, असे मी म्हणणार नाही. पण जे तंत्रज्ञान दिव्यांगाच्या हातात होते, ते त्याच्या हातातून निघून सर्वांच्या हातात गेले आणि या हातांच्या गर्दीत त्याचाच हात राहून गेला, याची नोंद कोणी घेतली नाही.

आपल्या परंपरेकडे वळतो. अशा सभेत धृतराष्ट्राला युद्ध सांगणाऱ्या संजयाचे उदाहरण हमखास येते. मला त्याहून जवळचे उदाहरण विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे वाटते. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. तान्हेपणीच दृष्टी गेली. १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. एवढ्या अल्प आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना त्यांच्या नावावर आहे. वेदान्तापासून पाश्चात्त्य विचारवंतांपर्यंत त्यांचा अभ्यास होता. हे कसे घडले? माणसे त्यांना वाचून दाखवीत आणि ते सांगत ते उतरवून घेत. त्यांची प्रतिभा अलौकिक होती, यात शंका नाही. पण त्या प्रतिभेपर्यंत ग्रंथ नेऊन पोहोचविणारी आणि तिचे बोल कागदावर आणणारी माणसे होती, हेही तितकेच खरे. अशा किती प्रज्ञाचक्षूंना वाचून दाखविणारा भेटला नसेल? आज ते वाचून दाखविण्याचे काम खिशातील यंत्र करू शकते. १९७६ मध्ये रे कुर्झवील याने अमेरिकेत बनविलेले वाचनयंत्र टेबलाएवढी जागा व्यापत असे. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने संगणक वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' ही प्रणाली लिहायला घेतली आणि ती साऱ्या जगाला विनामूल्य दिली. ती मराठीही वाचते. २००९ पासून अँड्रॉइड फोनमध्येही वाचून दाखविणारी सोय आहे. म्हणजे साधन आले आहे. आता प्रश्न असा की आपण त्या साधनाला वाचता येईल असे काही लिहितो का?

कार्यकर्त्यांनो, येथे मला थोडे कटू बोलायचे आहे, आणि ते परक्यांविषयी नाही. आपल्या उत्सवाची निमंत्रणे, रक्तदान शिबिरांची पत्रके, शोकसंदेश, सारे आपण व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून पाठवितो. भगवी किनार, वर भारतमातेचे चित्र, खाली सुंदर वळणाची अक्षरे. अंध बंधूच्या फोनमधील आवाज ते उघडून काय वाचतो? बहुतेक वेळा एकच शब्द: 'चित्र'. त्याला कार्यक्रम कोठे, किती वाजता, काही कळत नाही. त्या चित्राखाली तोच मजकूर चार ओळींत टंकलेखित करून टाकायला किती वेळ लागतो? दोन मिनिटे. ती दोन मिनिटे आपण देत नाही, कारण तो आपल्या डोळ्यांसमोर नसतो. त्याला आपण दिव्यांग म्हणतो, २०१५ पासून तो शब्द आपण मोठ्या अभिमानाने वापरतो. मग निमंत्रणातही त्याला स्थान हवे.

दुसरी गोष्ट टंकाची. आपल्यापैकी अनेक छापखान्यांत, शाळांत आणि संस्थांत अजून जुने मराठी फाँट वापरले जातात. त्यांची गंमत अशी की पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तेथे एखादे रोमन अक्षर साठविलेले असते. नुसते रूप देवनागरीचे, प्राण रोमन. कागदावर छापले तर काही बिघडत नाही. वाचून दाखविणारे यंत्र मात्र पोटातील अक्षर वाचते आणि अंध वाचकाच्या कानावर निरर्थक इंग्रजी मुळाक्षरांचा पाऊस पडतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तेव्हापासून देवनागरीला संगणकात स्वतःचे स्थान आहे. मातृभाषेचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या संस्थांनी आपली पत्रके, अहवाल आणि जुने अंक युनिकोडमध्ये आणले नाहीत, तर हा अभिमान डोळसांपुरताच राहील. छापील पानाचे छायाचित्र काढून पीडीएफ करणाऱ्या शासकीय कार्यालयांवर टीका करण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि ते एकवीस झाले. त्याच्या ४२ व्या कलमात माहिती व संपर्काच्या साधनांची सुगमता शासनाची जबाबदारी म्हणून सांगितली आहे. मात्र नियमांची भाषा अशी सैल होती की पाळले तर पाळले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना तो सैल नियम रद्द ठरविला आणि बंधनकारक नियम करण्यास सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निर्णय आला. आम्लहल्ल्यात डोळ्यांना व चेहऱ्याला इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिका न्यायालयापुढे होत्या. बँक खात्याच्या ओळखपडताळणीत 'डोळ्यांची उघडझाप करा' असे यंत्र सांगते. ज्या स्त्रीला पापणी मिटताच येत नाही तिने काय करावे? जिवंत माणूस समोर बसला आहे आणि यंत्र म्हणते, तू जिवंत असल्याचे सिद्ध झालेले नाही! न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, आणि ओळखपडताळणी सुगम करण्यासाठी वीस निर्देश दिले.

'हक्क' या शब्दाने आपल्या वर्तुळात काही जणांच्या कपाळाला आठी पडते, हे मी जाणतो. आपण सेवेच्या संस्कारात वाढलो आहोत. हक्काची भाषा पश्चिमेची, सेवेची आपली, असे आपण सहज म्हणून जातो. मला त्यात एक धोका दिसतो. सेवा करणाऱ्याला समाधान लाभते, हे खरेच आहे. पण ज्याची सेवा होते त्याला दर महिन्याला कोणाच्या तरी दारी उभे राहावे लागते. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. समाज हा एक जिवंत देह आहे, हा त्यातील विचार आपल्याला परिचित आहे. देहातील बोट सुन्न झाले तर उरलेला देह त्या बोटावर उपकार करतो काय? अंत्योदय म्हणजे रांगेतील शेवटच्या माणसाला पुढे उभ्या असलेल्याने आपल्या हाताने पैसे काढून देणे नव्हे. त्याला स्वतःचे पैसे स्वतः काढता आले पाहिजेत. त्या बँकेच्या पायरीवर बसलेल्या गृहस्थांना माझ्या मदतीची लाज वाटत होती. मदत केल्याचा मला जो आनंद झाला होता, तो त्या लाजेतून आलेला होता, हे मला विसरता येत नाही.

आणि केवळ लाजेचाच प्रश्न नाही. ते गृहस्थ अनेक महिने आपला फोन कोपऱ्यावरील दुकानातील एका मुलाकडे देत होते. पिन त्याला सांगितलेला होता. मुलगा प्रामाणिक निघाला, हे त्यांचे नशीब. पडद्यावरील अक्षर ज्याला दिसत नाही, त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि भामट्यांना हे पक्के ठाऊक आहे. 'डिजिटल अटक' नावाच्या फसवणुकीविषयी पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मधील 'मन की बात'मध्ये देशाला सावध केले. पोलिसाच्या गणवेशातील माणूस व्हिडिओवर येतो, 'फोन बंद केला तर याद राखा' म्हणतो, आणि एकटा राहणारा निवृत्त माणूस आयुष्याची पुंजी पाठवून मोकळा होतो. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. तसे घडलेच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांकही २०२१ पासून देशभर आहे. फळ्यावर हे दोन्ही क्रमांक मोठे लिहावेत. सभा संपेपर्यंत पुसू नयेत.

आता काय करता येईल, याकडे येतो. बहुतेकांची समजूत अशी की यासाठी महागडी उपकरणे लागतात. नव्वद टक्के वेळा, हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, आकडेवारी नव्हे, लागणारी गोष्ट आपल्याच फोनमध्ये आधीपासून असते आणि कोणी उघडून पाहिलेली नसते. सेटिंग्जमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' नावाचा एक कप्पा असतो. तेथे अक्षर मोठे करता येते, ठळक करता येते. हात थरथरणाऱ्यांसाठी स्पर्शाचा अवधी वाढविता येतो, म्हणजे बोट जरा रेंगाळले तरी भलतेच काही उघडत नाही. ज्यांना घंटी ऐकू येत नाही त्यांच्यासाठी फोन आल्यावर दिवा लुकलुकण्याची सोय बहुतेक नव्या फोनमध्ये आहे. दृष्टी नसलेल्यांसाठी 'टॉकबॅक' आहे: एकदा स्पर्श केला की फोन ते वाचून दाखवितो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. समोरच्याचे बोलणे ऐकून त्याची मराठी अक्षरे पडद्यावर उमटविणारी सोयही आता उपलब्ध आहे. गेल्या महिन्यात एका आजीबाईंनी ती वापरून नातवाचे बोलणे वाचले. नातू नाशिकहून आला होता, समोरच बसला होता. आजी पडद्याकडे पाहत होत्या, नातवाकडे पाहत होत्या, पुन्हा पडद्याकडे. म्हणाल्या, "तू एवढा भराभर बोलतोस होय!"

बोलून लिहिण्याची सोय मराठीत २०१७ पासून आहे. ज्यांनी आयुष्यात पाटीवरही फार लिहिले नाही, त्यांनाही ती जमते. पद्मानगरातील अम्मांना ती तेलुगूत लावून द्यावी, चाचांना उर्दूत. फोनची भाषा इंग्रजी ठेवणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानून आपण आपल्याच आई-वडिलांना परदेशात नेऊन ठेवतो, आणि मग त्यांना काही समजत नाही म्हणून चिडतो. घरी जाऊन प्रथम ती भाषा बदला.

ज्यांच्या बोटांच्या रेषा कामाने आणि वयाने झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची 'जीवन प्रमाण' योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. तिच्यात चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय २०२१ मध्ये झाली. अंगठा उमटत नाही म्हणून हात हलवीत परत येऊ नका, ती सोय मागा. सत्तरी उलटलेल्यांना आणि दिव्यांगांना घरपोच मूलभूत बँकसेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना सूचना दिली आहे. शाखेत गेल्यावर ती तारीख सांगावी. तारीख सांगितली की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, असा माझा अनुभव आहे! दृष्टिहीनांना नोट ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे अॅप जानेवारी २०२० पासून आहे; ते इंटरनेटशिवाय चालते. साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची यूपीआयची सोय मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. मात्र तिच्यात पुष्कळसे काम आवाजी सूचना ऐकून करायचे असते. तेव्हा दृष्टी गेलेल्यांना ती वरदान आहे आणि आपल्या मागवाल्यांना मात्र पुन्हा तोच सात-आठचा घोळ. एकच साधन सर्वांना पुरत नाही. आकडा दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, ज्याला जे जमेल ते त्याने घ्यावे. शास्त्र म्हणून यात याहून फारसे काही नाही.

आपल्या भिवंडीचे एक नवल पाहा. या शहराभोवती गोदामांचा वेढा पडला आहे. मुंबईत कोणी फोनवर बोट टेकविले की वस्तू येथल्या गोदामातून निघते आणि त्याच्या दारात पोहोचते. आणि त्या गोदामांपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या, कमरेत वाकलेल्या आजीला रक्तदाबाची गोळी मागविता येत नाही. कारण मागविण्याचे बटण फिकट राखाडी रंगात, तांदळाच्या दाण्याएवढे छापलेले असते.

कार्यकर्त्यांसाठी दोन-तीन पथ्ये सांगून थांबतो. पहिले आणि सर्वांत कठीण: ज्येष्ठांचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. तो त्यांच्या हातात राहील, बोट त्यांचे असेल, आपण शेजारी बसून सांगायचे. तुम्ही दहा सेकंदांत कराल त्याला त्यांना दहा मिनिटे लागतील. लागू द्या. 'द्या इकडे, मी करून देतो' हे वाक्य वर्गात उच्चारायचे नाही. दुसरे, पिन विचारायचा नाही, कोणी आपणहून सांगू लागले तर थांबवायचे आणि पिन टाकताना मान वळवायची. तिसरे, मोठ्याने ओरडायचे नाही. मागाने कान नेलेल्या माणसाशी ओरडून बोलले की स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने तशीच हरवलेली राहतात. त्याच्या समोर, उजेडात, तोंड दिसेल असे बसावे आणि सावकाश बोलावे. गेलेले निम्मे अक्षर तो ओठांवरून वाचतो. आणि कर्णबधिर बंधू आले तर त्यांच्याशी खुणांनी बोलण्याची तयारी हवी. भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय संस्थेने दहा हजार शब्दांचा कोश चित्रफितींसह केला आहे. आपल्यापैकी दोघा तरुणांनी त्यातील शंभर शब्द शिकून घ्यावेत, एवढे मी आज मागतो. दिव्यांगांमध्ये काम करणारी 'सक्षम' ही संघटना २००८ पासून नागपुरातून देशभर उभी राहिली आहे, तिच्या कार्यकर्त्यांशीही आपण बोलावे. सारे शून्यापासून मांडण्याची गरज नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच जागी पहिला वर्ग बसेल. प्रत्येकाने आपला फोन आणि त्याचा चार्जर आणावा, चष्मा विसरू नये, श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी पाहून घ्यावी. एका ज्येष्ठामागे एक कार्यकर्ता, याहून अधिक गर्दी करायची नाही. शेजारच्या शेडमधील माग रविवारी दुपारी बारापर्यंत बंद ठेवण्याचे तेथील मालकांनी आपणहून कबूल केले आहे, त्यामुळे बोलणे नीट ऐकू येईल. सतरंजी आहे, पण गुडघ्यांचा विचार करून खुर्च्याही मांडू. ज्या गृहस्थांची गोष्ट मी सांगितली, त्यांनी त्या दिवशी माझ्या शेजारी बसावे, अशी त्यांना येथूनच विनंती करतो. यावेळी ओटीपी आपण ऐकणार नाही. मोठ्या अक्षरांत वाचणार आहोत.